उन्हाळी बास्केटबॉल रिक्रूटिंग : अमेरिकेतले मराठी पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आम्ही इंडियानापोलिसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. मुलगा हायस्कूलमध्ये असताना चार उन्हाळे आम्ही जिमच्या लाकडी बाकांवर काढले. तो आता एका लहान कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो आणि तिथल्या संघातून खेळतोही. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत, कधी देसी दुकानातल्या रांगेतसुद्धा कुणी ना कुणी आई-बाबा मला बाजूला घेऊन रिक्रूटिंगविषयी, म्हणजे कॉलेजचे कोच आपल्या संघासाठी हायस्कूलमधली मुलं कशी निवडतात याविषयी, तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं शक्य तिथे पर्ड्यू विद्यापीठाची घेतली आहेत. पर्ड्यूचं गाव वेस्ट लाफिएट आमच्यापासून जवळ आहे, तिथला बास्केटबॉल संघ मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे, आणि आपल्याकडची शेकडो मुलं तिथे शिकायला येत असल्याने ते नाव बहुतेक घरांत माहीत आहे.

सगळं उन्हाळ्यातच का होतं? हायस्कूलचा हंगाम तर हिवाळ्यात असतो.

कॉलेजचा हंगामही हिवाळ्यातच असतो, खरी अडचण तिथे आहे. नोव्हेंबर ते मार्च कोच स्वतःच्या संघात अडकलेले असतात. हायस्कूलचे सामने गावोगावी विखुरलेले, एका रात्रीत एकच मुलगा बघून होतो. उन्हाळ्यात मात्र क्लब संघांच्या मोठ्या स्पर्धा भरतात. एका छताखाली आठ-दहा कोर्ट, सकाळी आठपासून रात्री उशिरापर्यंत सामने. कोचला दिवसभरात पन्नास मुलं डोळ्यांखालून घालता येतात.

या क्लब संघांना सगळे सरसकट ‘एएयू’ म्हणतात. ते मूळ नाव एका जुन्या हौशी क्रीडा संघटनेचं. आज वरच्या पातळीवरच्या बहुतेक लीग बुटांच्या कंपन्या चालवतात. नाइकीची ईवायबीएल, आदिदासची थ्रीएसएसबी, अंडर आर्मरची स्वतःची मालिका. नाइकीच्या लीगचा शेवट जुलैत ‘पीच जॅम’ने होतो. तो साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टा नावाच्या लहानशा गावात, सव्हाना नदीच्या काठी भरतो. देशातले जवळजवळ सगळे मोठे कोच त्या आठवड्यात तिथे असतात.

जूनमध्ये शाळेचा संघ आणि जुलैत क्लबचा संघ, असं का?

याचं मूळ एका प्रकरणात आहे. २६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचखोरीचे खटले जाहीर केले. चार सहायक कोचना अटक झाली, बूट कंपनीची माणसंही सापडली. त्यानंतर कॉन्डोलीझा राइस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये त्याचा अहवाल आला. बूट कंपन्यांच्या वर्तुळाबाहेर, शाळेच्या कोचच्या देखरेखीखालीही मुलांना बघता यावं, या विचारातून २०१९ पासून जूनमधल्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या.

आपल्या मुलांच्या दृष्टीने मला ही सुधारणा फार मोलाची वाटते. मोठ्या क्लबात जागा न मिळालेला मुलगा शाळेच्या संघातून, ओळखीच्या साथीदारांबरोबर, आपल्या नेहमीच्या जागेवर खेळताना दिसतो. ॲरिझोनातल्या ग्लेंडेल इथली ‘सेक्शन सेव्हन’ ही यातली सर्वांत नावाजलेली स्पर्धा. फुटबॉलच्या स्टेट फार्म स्टेडियममध्ये एकाशेजारी एक कोर्ट मांडून ती खेळवतात. त्याच स्टेडियममध्ये एप्रिल २०२४ मध्ये पर्ड्यू राष्ट्रीय अंतिम सामना खेळली आणि यूकॉनकडून, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाकडून, ७५-६० अशी हरली.

‘लाइव्ह पिरियड’, ‘डेड पिरियड’ म्हणजे नेमकं काय?

एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संस्था. तिने डिव्हिजन वनसाठी, म्हणजे तिच्या तीन पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या पातळीसाठी, वर्षाचं कॅलेंडर आखून दिलेलं असतं आणि प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या प्रकारात मोडतो. ‘इव्हॅल्युएशन’चे दिवस म्हणजेच बोलीभाषेतले लाइव्ह. या दिवसांत कोच येऊन खेळ बघू शकतात, पण कॅम्पसबाहेर तुम्हाला किंवा मुलाला समोरासमोर भेटून चर्चा करू शकत नाहीत. ‘काँटॅक्ट’च्या दिवसांत अशी भेट चालते. ‘क्वाएट’मध्ये भेट फक्त त्यांच्या कॅम्पसवर. ‘डेड’मध्ये प्रत्यक्ष भेट कुठेच नाही, फोन आणि मेसेज मात्र चालू राहू शकतात.

जुलैतले लाइव्ह दिवस मोजकेच असतात आणि दरवर्षी तारखा बदलतात. वसंतातही काही शनिवार-रविवार असतात. स्पर्धेची फी भरण्याआधी एवढं बघा : स्पर्धा लाइव्ह दिवसांत आहे का, आणि तिला एनसीएएचं प्रमाणपत्र आहे का? या दोन्हींपैकी एक नसेल तर डिव्हिजन वनचा कोच तिथे येऊच शकत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात हे ठाऊक नव्हतं. ‘कॉलेज एक्स्पोजर’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या एका स्पर्धेला आम्ही सहा तास गाडी चालवत गेलो. तीन दिवसांत कॉलेजचा शर्ट घातलेला एकही माणूस दिसला नाही.

मुलींचं कॅलेंडर वेगळं असतं. मुलाच्या तारखा बहिणीला लावू नका.

कोच येऊन बसले, पूर्ण सामना पाहिला, आणि एक शब्द न बोलता निघून गेले. आवडला नसेल का?

वर सांगितलेल्या नियमामुळे ते बोलूच शकत नाहीत. दिसलात तर मान डोलावतील, ‘हॅलो’ म्हणतील, पुढे सरकतील. त्यांच्या मागे पार्किंगपर्यंत जाऊ नका. तुम्ही त्यांनाच अडचणीत आणता.

जुलैत एखादा मोठा कोच माझ्या मुलाला ‘शोधून काढेल’ का?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घेतो, कारण आपल्या बहुतेक घरांचे पैसे आणि उन्हाळे याच आशेवर खर्च होतात.

जिममध्ये शिरणाऱ्या कोचच्या हातात यादी असते. कोणत्या कोर्टवर, किती वाजता, कोणत्या क्रमांकाचा मुलगा, हे आधीच ठरलेलं. ती यादी हिवाळ्यात आणि वसंतात तयार होते : फिल्म, म्हणजे सामन्यांचे व्हिडिओ बघून, शाळेच्या कोचना फोन करून, ओळखीच्या माणसांना विचारून. जुलैत ते येतात ती यादी पडताळायला. फिल्मवर सहा फूट सहा इंच सांगितलेला मुलगा खरंच तेवढा आहे का? त्याच्याहून ताकदवान मुलासमोर तो कसा खेळतो? दिवसातल्या तिसऱ्या सामन्यात पाय चालतात का?

आणि वरच्या काही मुलांच्या बाबतीत तर पडताळणीही राहिलेली नसते. मुख्य कोच त्या मुलाच्या प्रत्येक सामन्याला, पहिल्या रांगेत, कॉलेजचा लोगो असलेला शर्ट घालून बसतो. मुलगा किती चांगला आहे हे त्याला वर्षभरापूर्वीच कळलेलं असतं. मुलाने आपल्याला पाहावं म्हणून तो आलेला असतो. शेजारी दुसऱ्या कॉलेजचा मुख्य कोच, त्याच्या शेजारी तिसरा. कूपर फ्लॅग मेन राज्यातल्या न्यूपोर्ट या छोट्या गावातला. तो जुलै २०२३ मध्ये ‘मेन युनायटेड’ या क्लबकडून पीच जॅम खेळला, तेव्हा असंच चित्र होतं. त्याच ऑगस्टमध्ये त्याने एक वर्ष आधी पदवीधर व्हायचं ठरवलं, ऑक्टोबरअखेरीस ड्यूक विद्यापीठाला होकार दिला, आणि एनबीए या व्यावसायिक लीगच्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो पहिला निवडला गेला. त्याच्या कोर्टभोवती जमलेली गर्दी शेजारच्या कोर्टवरच्या मुलासाठी आलेली नसते, हे मनाशी स्पष्ट असावं.

म्हणून यादीत नाव जायचं तर काम मार्च ते मे महिन्यांत करावं लागतं. ते कसं, पुढच्या उत्तरात सांगतो.

तरीही यादीबाहेरचं काही घडतच नाही असं नाही. पुढे एनबीएचा तारा झालेला स्टीफन करी हायस्कूलमध्ये असताना अंगाने इतका लहान होता की वडील डेल करी ज्या व्हर्जिनिया टेककडून खेळले, त्यांनीही स्कॉलरशिप दिली नाही. वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय संघात ये, म्हणाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या छोट्या डेव्हिडसन कॉलेजचे कोच बॉब मकिलॉप त्याला उन्हाळ्यात लास व्हेगासच्या एका जिममध्ये बघायला गेले. ते पुढे अनेकदा सांगत आले आहेत की त्या दिवशी तो अत्यंत वाईट खेळला. चेंडू हातातून निसटत होता, शॉट चुकत होते. पण त्याने एकदाही पंचाकडे हात केले नाहीत, सहकाऱ्यावर चिडला नाही, बाहेर बसवल्यावर टाळ्या वाजवत राहिला, कोच बोलताना त्यांच्या डोळ्यांत बघत राहिला. मकिलॉपना तिथेच त्याची खात्री पटली. २००८ मध्ये डेव्हिडसन देशातल्या शेवटच्या आठ संघांत पोहोचली आणि कॅन्ससकडून फक्त दोन गुणांनी हरली.

मकिलॉप त्या दिवशी करीलाच बघायला गेले होते, म्हणजे तोही यादीत होता. फक्त ती यादी एका लहान कॉलेजची होती.

मग कोचना ईमेल कसा लिहायचा? उत्तरच येत नाही.

उत्तर न येण्याचं एक साधं कारण आहे. मुलांच्या बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलाला रिक्रूटिंगविषयी फोन, मेसेज, ईमेल करू शकत नाहीत. त्याआधी फार तर कॅम्पची माहिती किंवा एखादी प्रश्नावली येते. तुमचं पत्र मात्र ते वाचू शकतात, वाचतातही. त्यामुळे गप्प बसलेल्या कोचलाही लिहीत राहा.

पत्र मुलानेच लिहावं. वडिलांनी लिहिलेलं पत्र दोन ओळींत ओळखू येतं. त्यात एवढंच असावं : नाव, शाळा, पदवीचं वर्ष, खरी उंची, कोर्टवर खेळायची जागा, अभ्यासातले गुण, शाळेच्या आणि क्लबच्या कोचचे फोन, तीन-चार मिनिटांची फिल्म आणि एका पूर्ण सामन्याची फिल्म. स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी पुन्हा एक छोटं पत्र : शर्टाचा क्रमांक, सामन्याची वेळ, कोर्टाचा क्रमांक. आमच्या मुलाला ज्यांनी प्रत्यक्ष येऊन पाहिलं, त्यातले जवळजवळ सगळे या दुसऱ्या पत्रामुळे आले.

आणि त्या कॉलेजात त्याला का जायचं आहे, हे एका वाक्यात तरी खरं लिहा. शंभर कॉलेजांना एकच मजकूर पाठवला की तो तसाच वाचला जातो.

उंची मात्र वाढवून लिहू नका. कोच दारातल्या चौकटीशेजारी उभे राहून मुलांना आत येताना बघतात.

मोठ्या नावाच्या क्लबात बेंचवर बसावं, की लहान क्लबात खेळावं?

खेळावं. यावर माझं मत ठाम आहे. नाइकीच्या लीगमधल्या संघाचा शर्ट फोटोत छान दिसतो, पण चार मिनिटं खेळणाऱ्या मुलाचं कोचला काहीच कळत नाही. डिव्हिजन टू आणि थ्रीचे कोच स्वतंत्र क्लबांच्या स्पर्धांत भरपूर दिसतात, आणि आपली बहुतेक मुलं त्यांच्याच संघांत बसणारी आहेत.

पैशाची गोष्टही आहेच. बूट कंपनीने पोसलेल्या संघात प्रमुख खेळाडूंचा खर्च बहुधा संघ उचलतो. स्वतंत्र क्लबात फी, विमान, हॉटेल, दाराशी तिकीट, सगळं तुमच्या खिशातून. जून-जुलैत एखादी स्पर्धा कमी करून मुलाला दोन आठवडे झोप आणि व्यायाम मिळाला, तर तोटा होत नाही.

आपल्या मुलाची पातळी कोणती, हे कसं कळावं?

आकड्यांपासून सुरुवात करू. देशात साधारण साडेपाच लाख मुलगे हायस्कूल बास्केटबॉल खेळतात. त्यातले शंभरात तीन-चार एनसीएएच्या कुठल्या तरी डिव्हिजनमध्ये पोहोचतात, आणि डिव्हिजन वनमध्ये शंभरात एक. हे सांगताना मुलांचं मन मोडायचा माझा हेतू नाही. कुठे दार ठोठवायचं ते आधी कळलं तर तीन वर्षं वाचतात.

सोपी पद्धत सांगतो. तुमच्या मनात असलेल्या कॉलेजचा सध्याचा संघ उघडा. मुलाच्या जागेवर खेळणाऱ्यांची उंची, वजन आणि ते हायस्कूलमध्ये काय होते हे वाचा. मग ज्या माणसाचा तुमच्या फीशी संबंध नाही अशा एखाद्याला, उदाहरणार्थ प्रतिस्पर्धी शाळेच्या कोचला, सरळ विचारा. क्लबचा मालक खरं सांगेलच असं नाही.

खेळाडूंच्या क्रमवारीत नावापुढे दिलेल्या ‘स्टार’ना मात्र फार मानू नका. झॅक ईडी टोरोंटोचा. लहानपणी हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे वळला तो दहावीच्या सुमाराला. त्याच्या वर्षाच्या क्रमवारीत तो चारशेच्याही पलीकडे होता. पर्ड्यूचे कोच मॅट पेंटर यांनी त्याला घेतलं, घाई न करता घडवलं. २०२३ आणि २०२४, अशी सलग दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्या ग्लेंडेलच्या अंतिम सामन्यात हरतानाही त्याने एकट्याने ३७ गुण केले. त्याच संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत नेणारा, ब्रेडन स्मिथ आमच्या शेजारच्या वेस्टफिल्डचा, उंची जेमतेम सहा फूट. त्याच्यामागेही मोठ्या कॉलेजांची फार गर्दी नव्हती. २०२५ मध्ये त्याला देशातल्या सर्वोत्तम पॉइंट गार्डचा बॉब कूझी पुरस्कार मिळाला.

ईडीची उंची सात फूट चार इंच आहे, हे विसरून मात्र त्याचं उदाहरण घेऊ नका.

डिव्हिजन थ्रीमध्ये स्कॉलरशिप नाही. मग एवढी धडपड कशासाठी?

खेळासाठीची स्कॉलरशिप नाही, पण गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत आहे, आणि आपल्या मुलांना पहिली बऱ्याचदा भरघोस मिळते. हार्वर्ड, येलसारख्या जुन्या विद्यापीठांची आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही, तिथेही मदत उत्पन्नावरच.

डिव्हिजन थ्रीत काय दर्जाच्या संस्था आहेत ते बघा : एमआयटी, शिकागो विद्यापीठ, एमरी, एनवाययू, आणि आमच्या इंडियानातलं टेरे होटचं रोज-हल्मन, जिथलं इंजिनिअरिंग देशभर मानलं जातं. एनवाययूच्या मुलींनी २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. प्रवेशाच्या वेळी कोचने प्रवेश कार्यालयाकडे नाव सुचवलं तर त्याला काही ठिकाणी वजन असतं. आपल्या लोकांत ‘डी थ्री म्हणजे हरलेलं’ असा जो सूर असतो, त्याचा मला मनापासून राग येतो. माझा मुलगा सकाळी सहाला वेट रूममध्ये असतो आणि नऊला थर्मोडायनॅमिक्सच्या वर्गात.

कोचना भेटणंही सोपं आहे. डिव्हिजन थ्रीला वर सांगितलेलं लाइव्ह-डेडचं कॅलेंडर नाही. फोन-ईमेलवर इयत्तेचं बंधन नाही. प्रत्यक्ष भेटही दहावी संपल्यावर चालते.

अभ्यासाचे नियम काय? आमचा तर सगळा ए ग्रेड आहे.

ए ग्रेडवाल्यांचेही कागद अडकतात, म्हणून नीट वाचा. डिव्हिजन वनसाठी नववी ते बारावीत १६ ‘कोअर’ विषय लागतात : ४ इंग्रजी, ३ गणित, २ विज्ञान, या तिघांतला आणखी १, २ सामाजिक शास्त्रं, आणि ४ इतर मान्य विषय. त्यांची सरासरी ४ पैकी किमान २.३. डिव्हिजन टूसाठी २.२. बारावी सुरू होण्याआधी यातले १० पूर्ण हवेत, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले. त्या दहांचे गुण बारावी सुरू झाली की गोठतात, नंतर विषय पुन्हा घेऊन वाढवता येत नाहीत. पात्रतेसाठी सॅट-ॲक्ट या परीक्षांची सक्ती २०२३ मध्ये गेली, पण कॉलेजला प्रवेशासाठी ती लागू शकते.

आपल्या मुलांचा खास घोळ असा. आपण त्यांना आठवीतच अल्जेब्रा घ्यायला लावतो. तो विषय हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे एकत्रित गुणपत्रकावर, गुणांसह उमटला असेल तरच कोअरमध्ये धरला जातो. काही शाळा तो उमटवत नाहीत. नववीतच काउन्सेलरला विचारून घ्या.

ऑफर मिळाली! आता पक्कं ना?

तोंडी ऑफर दोन्हीकडून मोडता येते. एका जागेसाठी कोच चार मुलांना ऑफर देतात आणि पहिला होकार देणाऱ्याला घेतात, हे सर्रास चालतं. तेव्हा शांतपणे विचारा : ‘आज त्याने हो म्हटलं तर तुम्ही घ्याल का?’ या प्रश्नाचं उत्तर फिरवून आलं तर ती ऑफर अजून ऑफर नाही.

लेखी आर्थिक करारावर सही बारावीच्या नोव्हेंबरपासून होते. पूर्वी त्यासोबत ‘लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे त्याच कॉलेजात जाण्याचं बंधनपत्र असायचं. १९६४ पासून चालत आलेली ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली. जुन्या ब्लॉगवर अजून तीच माहिती सापडते.

कॅम्पसभेटी दोन प्रकारच्या. ऑफिशियल भेटीचा खर्च कॉलेज करतं. मुलांच्या बास्केटबॉलमध्ये ती अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून घेता येते. पूर्वी एकूण पाचच्या वर भेटी घेता येत नव्हत्या, जुलै २०२३ पासून ती मर्यादा नाही. अनऑफिशियल भेट आपल्या खर्चाने. तिथे गेल्यावर कोचपेक्षा खेळाडूंशी जास्त बोला. दुखापत झाल्यावर स्कॉलरशिपचं काय होतं, प्रवासातल्या दिवसांत लॅब कशी भरून काढतात, गेल्या दोन वर्षांत किती जण संघ सोडून गेले, हे मुलंच खरं सांगतात.

आणि हो, कॅम्पचं आमंत्रण म्हणजे ऑफर नव्हे. डिव्हिजन वनच्या कॅम्पला फी भरणाऱ्या कुणालाही प्रवेश द्यावा लागतो. पत्रावर मुलाचं नाव छापलेलं पाहून हुरळून जाऊ नका.

ट्रान्सफर पोर्टलमुळे हायस्कूलच्या मुलांच्या जागा गेल्या, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंद, ऑक्टोबर २०१८ मध्ये आलं. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा, वर्ष न गमावता कॉलेज बदलता येऊ लागलं. २०२५ च्या वसंतात पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये दोन हजारांहून जास्त खेळाडू पोर्टलमध्ये होते. बावीस वर्षांचा, शंभर सामने खेळलेला तयार गडी मिळत असताना अठरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षं कोण घडवत बसेल, असा हिशेब बरेच कोच करतात. त्याचा धक्का वरून खाली सरकतो. पूर्वी डिव्हिजन वनच्या मधल्या फळीत गेला असता असा मुलगा आता टूमध्ये जातो, टूचा थ्रीमध्ये.

पैशानेही गणित बदललं. १ जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर आणि छबीवर कमाई करू शकतात, त्यालाच एनआयएल म्हणतात. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या ‘हाउस’ खटल्यातला समझोता मंजूर केला. त्यानुसार कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका कॉलेजच्या सगळ्या खेळांना मिळून मर्यादा साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. समझोता स्वीकारलेल्या कॉलेजांत बास्केटबॉलची १३ स्कॉलरशिपांची जुनी मर्यादा जाऊन संघातच जास्तीत जास्त १५ खेळाडू असा नियम आला. परिणामी वॉक-ऑन म्हणून संघात शिरण्याची जागाही आक्रसली.

पर्ड्यूकडे मी आदराने बघतो ते इथे. पोर्टलमधून तेही खेळाडू घेतात, पण त्यांचा कणा अजून हायस्कूलमधून आणलेल्या आणि टिकवून ठेवलेल्या मुलांचा आहे. स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही इंडियानाच्याच शाळांतून आले आणि या पळापळीच्या काळात तिथेच राहिले. कोणतं कॉलेज मुलं घडवतं आणि कोणतं दर एप्रिलमध्ये नवी मुलं आणतं, हे मागच्या तीन वर्षांचे संघ शेजारी ठेवले की दिसतं.

आम्ही एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगा आमच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर. काही अडचण?

खेळायला आणि स्कॉलरशिप घ्यायला अडचण नाही. अडचण कमाईची आहे. एच-फोरवर काम करता येत नाही, विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर कामाला कडक मर्यादा आहेत, आणि जाहिरात करून घेतलेले पैसे काम समजले जाऊ शकतात. ईडी कॅनडाचा असल्याने त्यालाही ही अडचण आली होती. केंटकी विद्यापीठाचा, काँगोतून आलेला ऑस्कर शिबवे २०२२ मध्ये संघासोबत बहामाला गेला, तेव्हा अमेरिकेबाहेर असल्याचा फायदा घेऊन त्याने तिथे करार पूर्ण केले. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणजे कॉलेजच्या मधेच व्हिसा बदलावा लागणार. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. कॉलेजचा कोच या बाबतीत कितीही चांगला माणूस असला तरी त्याचा सल्ला पुरेसा नाही.

भारतातून, म्हणजे पुण्या-मुंबईतून खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला संधी आहे का?

आहे, पण उन्हाळी जिममधून नव्हे. फिल्म, ओळखी आणि इथल्या एखाद्या प्रेप शाळेतलं, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या शाळेतलं, एक-दोन वर्षांचं शिक्षण, असा तो रस्ता असतो. पंजाबचा सतनाम सिंग फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत शिकला आणि २०१५ मध्ये कॉलेज न खेळताच एनबीएच्या डॅलस संघाने त्याला ड्राफ्ट केलं. बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून डिव्हिजन वन खेळली. ग्रेटर नोएडाची एनबीए अकादमी २०१७ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात खेळ नाही असंही नाही. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याची. मुंबईत वरळीच्या डोममध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन सामने झाले. त्यातल्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आणि त्यांच्याच संघाकडून २०१५ मध्ये सिम भुल्लर हा एनबीएत खेळणारा पहिला भारतीय वंशाचा खेळाडू ठरला.

कागदांची एक सूचना. आपल्याकडे दहावी-बारावीच्या मार्कशीट जपून ठेवतात, नववी-अकरावीच्या हरवतात. एनसीएए चारही वर्षं बघते.

पैसे घेऊन ‘शंभर कोचना प्रोफाइल पाठवतो’ म्हणणाऱ्या सेवा घ्याव्यात का?

आम्ही घेतली होती. जे पत्र मुलगा रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहू शकला असता, तेच त्याच्या नावाने देशभर गेलं, आणि ज्या कॉलेजात त्याचा विषयही शिकवत नाहीत तिथल्या कॅम्पची आमंत्रणं येत राहिली. तुमचे पैसे चांगल्या व्हिडिओवर खर्च करा.

सामन्याच्या वेळी आम्ही पालकांनी काय करावं?

शांत बसावं. कोच मुलाइतकेच पालकांकडेही बघतात, विशेषतः दोन सारख्याच मुलांमधून एक निवडायचा असतो तेव्हा. आमच्या शेजारी एका सामन्यात एक वडील पूर्ण वेळ पंचावर आणि स्वतःच्या कोचवर ओरडत होते. पलीकडे बसलेल्या सहायक कोचने दुसऱ्या क्वार्टरनंतर वही मिटली आणि तो पुढच्या कोर्टाकडे गेला. मुलगा चांगला खेळत होता. घरी जाताना गाडीत माझा मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्ही कधी असं करू नका.’ त्यानंतर मी कोपऱ्यात, पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायला लागलो.

गाडीत सामन्याची चिरफाडही नको. आधी जेवण.

ऑगस्ट संपला, एकही फोन नाही. आता काय?

बारावीचा हंगाम अजून पुढे आहे. सप्टेंबरमध्ये यादी नव्याने करा : अभ्यासक्रम आवडतो अशी बारा-पंधरा कॉलेजं, त्यातली बहुतेक डिव्हिजन थ्री, दोन-तीन एनएआयए (एनसीएएबाहेरची लहान कॉलेजांची संघटना) किंवा डिव्हिजन टू. उन्हाळ्याची नवी फिल्म जोडून मुलाने पुन्हा पत्रं पाठवावीत, आणि शाळेच्या कोचला त्यातल्या चार ठिकाणी स्वतः फोन करायला सांगावं. प्रवेशाच्या तारखा खेळासाठी थांबत नाहीत, अर्ज वेळेतच करा. आमच्या मुलाला पहिला खरा फोन ऑक्टोबरच्या शेवटी आला. जानेवारीत बर्फ पडत असताना एक कोच अडीच तास गाडी चालवत त्याच्या शाळेच्या जिममध्ये आला, शेवटच्या बाकावर बसला, आणि सामना संपल्यावर आमच्याशी हात मिळवून त्याने पहिला प्रश्न विचारला तो गणिताच्या गुणांचा.